ज्या गच्चीवर मासळी वाळली नाही

तारापूरच्या मांगेलआळीत एकच गच्ची होती आणि तिच्यावर मासळी वाळत घालायला मनाई होती.

बाकी आळीत मासळी नव्हती अशी जागा सापडणे कठीण. किनाऱ्यावरच्या खळ्यात जवळा पसरलेला असे. आडव्या बांबूंवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने लटकत. कुंपणांवर जाळी, ओट्यांवर टोपल्या, कौलांवर उरलेसुरले. या सगळ्याच्या मधोमध जानकीबाईंची लाल लाद्यांची गच्ची रिकामी असे. नव्या पाहुण्याला आळीतले लोक समुद्राच्या आधी ती दाखवत. दाखवताना हसत.

तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे काम नुकतेच सुरू झाले होते. बातम्या पाठवण्यासाठी मुंबईच्या एका दैनिकाने मला तिकडे ठेवले होते. बोईसरला खोली मिळत नव्हती. बाहेरगावाहून आलेल्या कामगारांनी आणि साहेबांनी पार सरावलीपर्यंतची घरे धरली होती. जानकीबाईंच्या घराची पुढची खोली रिकामी आहे असे कळले. गच्ची नेमकी त्या खोलीवर होती. भाड्याच्या आधी अटी ठरल्या.

"वर जायाचं तर पाय धुऊन. थुकायचं नाय. मासली खायाची ती खाली."

"आणि विडी?"

"विडी वडा. राख खिशात घाला."

त्या उंच, काटक आणि रंगाने काळ्या होत्या. कानाच्या पाळ्या जुन्या दागिन्यांच्या ओझ्याने ओघळल्या होत्या. मूल नव्हते. नवरा तरुणपणीच तापाने गेला. घर नवऱ्याचे होते, गच्ची त्यांची स्वतःची. मासळी विकून जमवलेल्या पैशातून त्यांनी पुढच्या खोलीवरची कौले उतरवली, स्लॅब टाकला आणि पालघरहून बैलगाडीने लाल लाद्या आणवल्या. गाडी आळीत शिरली तेव्हा लोकांना वाटले देऊळ बांधतात. जेवढे देवळाचे करतात तेवढेच त्यांनी पुढे त्या लाद्यांचे केले.

पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, ती चिंचणीच्या ठरलेल्या घरांत आणि मग एस.टी.ने बोईसरच्या बाजारात न्यायची, हा त्यांचा दिवस. बाजारात त्या फार बोलत नसत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले, उद्या येतो म्हणाले, की एकच वाक्य टाकत.

"मासली हाय, कापड नाय."

उद्यावर टाकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य बोईसरच्या बाजारात इतके ओळखीचे झाले होते की शेजारचा भाजीवाला गिऱ्हाइकाला तेच ऐकवी आणि त्यांच्याकडे बघून डोळा मिचकावी.

दुपारी परत आल्या की त्या आधी विहिरीवर जात. अंग धुऊन लुगडे बदलत. मासळीचे लुगडे खाली, गच्चीचे लुगडे वेगळे. मग दोन घागरी घेऊन वर जात आणि सगळ्या लाद्या धुऊन काढत. रोज, पावसाळ्याचे महिने सोडून. त्यानंतर कठड्याला टेकून पाय पसरून बसत. काही करत नसत. आळीत काही न करता बसलेली बाई दुसरी नव्हती.

तिथे त्यांच्याखेरीज एकाच व्यक्तीला कायमची जागा होती. काशी, त्यांची धाकटी जाऊ, शेजारच्या घरातली. गच्चीच्या खाडीकडच्या कोपऱ्यात काशी बसे. ती जानकीबाईंना बाय म्हणे आणि आळीत त्यांची सगळ्यांत जास्त टवाळी तीच करी. बुटकी, रुंद, बोलायची न थांबणारी. दोघी पहाटे एकत्र निघत, एकाच बाकावर बसून बोईसरला जात, शेजारी शेजारी टोपल्या मांडत. एकीची संपली की दुसरीची विकू लागत. काशीला मिशरीची सवय होती. तोंड भरले की ती उठून कठड्याबाहेर वाके, आणि जानकीबाई डोळे न उघडता म्हणत, "लादी बगते हां."

"बगू दे. तिला काय, तुज्यावानी नवरा नाय नि काम नाय."

"पाय गोला कर. सावली पडते."

"सावलीनं पन डाग पडतो काय गो?"

हे रोजचे होते.

एकदा वीजकेंद्राच्या कामावरचे एक साहेब घर बघायला आले. त्यांना गच्ची आवडली होती, वर एक खोली चढवून द्याल का, असे विचारायचे होते. ते बूट घालून जिना चढू लागले. जानकीबाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"पायतान खाली."

साहेब हसले. "बाई, गच्ची आहे ही. देऊळ नाही."

"देवलात तुमी कवाकवा जाता. हिते मी रोज येते."

साहेबांनी बूट काढले नाहीत. घरही घेतले नाही. काशीने ही हकीगत बोईसरच्या बाजारात आठवडाभर विकली. दर खेपेला साहेब थोडा जाडा होत गेला.

या गच्चीचे मूळ कुठे आहे ते एकदाच निघाले, तेही काशीने काढले म्हणून. चिंचणीत एक मोठे घर होते. त्याच्या ओट्याला लाल लाद्या. जानकीबाई लग्न होऊन आल्यापासून तिथे मासळी घालत. टोपली खालच्या पायरीवर ठेवायची, उभ्यानेच व्यवहार करायचा. त्या वळल्या की घरातला गडी येई आणि त्या उभ्या होत्या तिथे बादलीभर पाणी ओती.

"मी वलून वलून बगायची," जानकीबाई म्हणाल्या. "वली झाली की काय लाल दिसायची ती लादी!"

काशीने माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला. "बगा पेपरवाले. दुसरीला लाज वाटली आसती. हिला लादी आवडली."

जानकीबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या समोरच्या लाद्यांकडे बघत होत्या. तेव्हा त्या लाद्या लाल राहिल्या नव्हत्या. रंग उडून पिवळट गुलाबी झाला होता आणि त्यावर पांढरी भुकटी धरत होती. पुसली की जाई, दोन दिवसांत परत येई. जानकीबाई तिला आणखी धूत. जितक्या धूत तितक्या लाद्या पांढऱ्या होत. जोडांतले सिमेंट भुसभुशीत झाले होते. पावसाळ्यात पाणी खाली उतरे आणि माझी खाट खोलीत फिरत राही. शेवटी ती दाराला टेकली आणि पुढे जायला जागा उरली नाही.

विठोबा गवंड्याला काशीनेच शोधून आणले. तो साताऱ्याकडचा, वीजकेंद्राच्या कामावर होता आणि सरावलीत राहत होता. काशी तिथल्या कामगारांच्या वस्तीत सुकी मासळी घेऊन जाई. तो कधी घेत नसे, वासाने नाक दाबून पुढे जाई, म्हणून तिच्या लक्षात राहिलेला. तिने त्याला वाटेत अडवून विचारले, तू गवंडी ना, मग आमच्या पेपरवाल्याच्या टकलावर पाणी गळते त्याचे काय करतोस. रविवारी तो आला. मासळी न खाणारा माणूस लादीला बरा, असे जानकीबाईंनी लगेच ठरवून टाकले.

विठोबा गच्चीभर फिरला. एका लादीवर बोट फिरवले आणि ते जिभेला लावले.

"मावशी, ह्यो रंग उन्हानं न्हाई उडाला. लोणा हाय. मीठ. कशानं धुता?"

"हिरीच्या पान्यानं."

"इथल्याच? खाडीकडच्या?"

"हाय तीच हीर."

"तवा रोज मिठानंच धुताय की."

त्या संध्याकाळी जानकीबाई गच्चीवर बसल्या नाहीत. इतकी वर्षे जिला त्या जपणूक समजत होत्या तीच लाद्यांना खात होती. हे मान्य करायला त्यांना एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी त्या गोड्या पाण्याच्या विहिरीकडे निघाल्या. ती आळीपासून लांब, रस्त्यापलीकडच्या वाडीत होती. आळीतल्या बायका तिथून फक्त पिण्याचे पाणी आणत, तेही मोजकेच.

काशी त्यांच्या मागून निघाली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी.

"घरात पोरं हिरीचं खारट पितात," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नि बायच्या लादीला गोड पानी! पुडच्या जन्मी मी लादीच व्हनार. बायच्या घरची."

असे म्हणत ती रोज खेपा घालत राहिली. दिवाळीनंतरचे ते दिवस होते. विठोबाने कामावर खाडे करून लाद्या गोड्या पाण्याने धुतल्या, वाळू दिल्या, वर आलेले मीठ कोरडेच झाडून काढले, पुन्हा धुतल्या. भुकटी येणे थांबेपर्यंत त्याने पुढचे काही केले नाही. मग सळईने जोड कोरून काढले आणि नव्याने भरले. कठड्याच्या मुळाशी, जिथून खरी गळती होती, तिथे चुना, विटांचा चुरा आणि गूळ-हिरड्याचे पाणी घालून गोलाई केली आणि लाकडी थापीने ठोकून बसवली. थापीचा आवाज आळीत दिवसभर घुमे. शेवटी पाणी जायची पन्हळ चिखलाने आणि चिंध्यांनी बुजवून गच्चीत पाणी तुंबवले. ते पाणीही दोघींनी डोक्यावर आणलेले. खाली मी छताकडे बघत बसलो होतो. छत कोरडे राहिले. काशीने खिडकीतून विचारले, "गलतंय काय?" नाही म्हटल्यावर ती निराश झाल्यासारखी म्हणाली, "मंग आता पेपरवाल्याला आंगोल कोन घालनार?"

राहिला रंग. विठोबाने जवसाचे तेल तापवले, त्यात हुरमुंजीची लाल पूड आणि थोडे मेण मिसळले. ते गोणपाटाच्या बोळ्याने लादीत चोळून जिरवायचे होते. जानकीबाई एका टोकाकडून बसल्या, काशी दुसऱ्या टोकाकडून. दोघी मधोमध एकमेकींना भेटल्या तेव्हा ऊन कलले होते. दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. पौर्णिमा जवळ आली होती. जाताना विठोबाने सांगितले, "आता आवसंपातुर हिच्यावर मिठाचा थेंब पडू द्यायचा न्हाई. तेल मुरायला पायजे. मीठ लागलं की समदं पांढरं."

आळीत सगळे हिशेब पौर्णिमा-अमावास्येनेच चालत. जानकीबाईंनी मान हलवली.

पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र नेहमीपेक्षा बराच वर आला. दूर कुठेतरी वादळ झाले असावे, आळीत वारा नव्हता, फक्त पाणी होते. लाटांनी खळ्याची कड कापली आणि नंतर सगळे खळेच ओढून नेले. ज्या जमिनीवर आळी मासळी सुकवत असे ती ओल्या वाळूचा उतार झाली. पाणी खालच्या घरांच्या अंगणांत शिरले. काशीचे अंगण त्यांत होते.

त्याच दिवसांत जवळ्याची भर आली. होड्या काठापर्यंत भरून येत. ऊन कडक होते. लोकांनी मिळेल तिथे जवळा पसरला. कौलांवर, रस्त्याच्या कडेला, जुन्या शिडांवर. काशीच्या घरात तीनच कोरडे कोपरे होते आणि जवळ्याचे ढीग त्याहून कितीतरी जास्त. त्या मोसमातल्या जवळ्यावर तिच्या मुलीचे, शेवंतीचे, माघातले लग्न ठरले होते. हे आळीत सगळ्यांना माहीत होते. जानकीबाईंना सर्वांत आधी, कारण ती सोयरीक त्यांनीच जुळवली होती.

काशी सकाळी आली ती जिन्याच्या तळाशी थांबली. पाठीमागे टोपली होती. वर चढली नाही. जानकीबाई वरच्या पायरीवर होत्या. माझ्या खोलीचे दार उघडे होते.

"बाय, खला गेला. आंगन वलं हाय. दोन दिस दे."

"आवसेपातुर थांब, काशे."

काशी जराशी हसली, कारण आपण गंमत ऐकतो आहोत असे तिला वाटले असावे. मग ती म्हणाली, "मासली हाय बाय. कापड नाय."

जानकीबाईंनी पदर नीट केला. "इठोबा सांगून गेला. तेल मुरलं नाय. मीठ लागलं तर सगलं पानी, सगलं काम फुकट."

"कडंला पसरते. जिते तेल कमी लागलं तिते."

"तेल सगलीकडं सारकं लागलंय. तूच चोललंस."

काशीने टोपली उचलली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा पत्ता विचारावा आणि लोकांनी माहीत नाही म्हणावे, तशी ती वळून गेली. जानकीबाई दुपारी गच्चीवर गेल्या, पण बसल्या नाहीत. लाद्या तापल्या होत्या, कोरड्या होत्या, तेलाने चमकत होत्या. त्यांनी कठड्यावरून शेजारच्या अंगणात पाहिले आणि त्या खाली आल्या.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरले. पाऊस पडला नाही, पण ऊन गेले ते गेले. काशीच्या घरातून वास यायला लागला. मासळीच्या आळीतही तो वास वेगळा ओळखू येत होता. मग चिंचणीच्या वाड्यांतून गाड्या आल्या आणि तिचा सगळा जवळा चिकूच्या झाडांना खत म्हणून गेला.

अमावास्या झाली. गच्ची लालभडक होती, गळती बंद होती. आळीतले लोक बघायला येत आणि खालूनच बघून जात. पुढच्या रविवारी विठोबा आपले काम पाहायला आला. त्याने गुडघ्यावर बसून लादीवर तळहात फिरवला. तो खूश होता.

"झ्याक बसलंय, मावशी."

"तू सांगितलंस तसंच केलं," जानकीबाई म्हणाल्या. "आवसेपातुर मिठाचा थेंब नाय लागला. जावेचा जवला कुजला, पन लागू दिला नाय."

विठोबाचा हात थांबला.

"जवळा कुजला? अवो मावशी, तेल तर पुनवंच्या आतच मुरलं आसंल. असल्या उन्हात कितीसा येळ लागतोय?"

"मंग आवस कशाला सांगितलीस?"

"आमच्यात सांगत्यातच तसं." तो उठून उभा राहिला होता. "चार दीस सांगितलं की लोक दोन पाळत्यात. म्हनून दुप्पट-तिप्पट सांगायचं. आवसंपातुर कोन पाळतंय हो?"

"मी पालली," जानकीबाई म्हणाल्या.

विठोबाने तळहात पुसला. "कुनी तरी इचारायचं हुतं मला. सरावली काय लांब हाय?"

जानकीबाईंनी त्याला दोष दिला नाही. खाली येऊन त्याच्यासाठी चहा केला, बशीत ओतून दिला. तो चहा पिऊन गेला. दुकानदार दाम सांगतो, गिऱ्हाईक निम्मे करते, दोघे मधे कुठेतरी भेटतात. हा व्यवहार त्या आयुष्यभर बाजारात करत आल्या होत्या. मासळीच्या बाबतीत कुणी दुप्पट सांगितले असते तर त्यांनी ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून ओळखले असते. लादीच्या बाबतीत त्यांनी घासाघीस केली नाही.

त्याच संध्याकाळी त्या काशीच्या ओट्यावर गेल्या. दोन्ही घरांमध्ये एक कुंपण होते आणि ऐकू यायला त्याचा अडथळा नव्हता.

"काशे, नवीन जवला आला की वर आन. सगली गच्ची घे."

"नको बाय. तुजी लादी खराब व्हईल."

"व्हऊ दे."

"नको."

"मंग बसायला तरी ये."

"पाय धुवायला गोड पानी कुटून आनू?" काशी म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर भांडण असे काही झाले नाही. दोघी त्याच एस.टी.ने बोईसरला जात, फक्त काशी मागच्या बाकावर बसे. बाजारात दोघींच्या टोपल्यांच्या मधे एक भाजीवाला आला. शेवंतीचे लग्न माघात झाले नाही. पुढच्या वर्षावर गेले आणि पुढच्या वर्षी सातपाटीच्या ठरलेल्या मुलाने दुसरी मुलगी केली. काशीच्या नवऱ्याने होडीतला वाटा काढला आणि वीजकेंद्राच्या कामावर हजेरी लावली. समुद्रावरचा माणूस सिमेंटची पाटी उचलू लागला. रोजचे जाणे-येणे परवडेना तेव्हा त्यांनी सरावलीत खोली घेतली. विठोबाच्या चाळीच्या मागेच.

सामानाची गाडी निघाली त्या दिवशी जानकीबाई बाजारात होत्या. निघायचा दिवस त्यांना कुणी सांगितला नव्हता. बोईसरला कुणाच्या तरी बोलण्यातून कळले. टोपली तिथेच टाकून त्या मिळेल त्या वाहनाने परत आल्या. गाडी आळीच्या तोंडाशी वळत होती. त्या धावत जिना चढल्या आणि कठड्याशी उभ्या राहिल्या. काशीने वर पाहिले की नाही ते मला खालून दिसले नाही. गाडी सरकारी रस्त्याला लागेपर्यंत त्या उभ्या होत्या.

नंतर मी वर गेलो तेव्हा लाद्यांवर पावलांचे ठसे होते. खवले चिकटलेले, ओले, जिन्यापासून कठड्यापर्यंत. त्यांनी पाय धुतले नव्हते. लुगडेही मासळीचेच होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी ते ठसे पुसले नाहीत.

पुढच्या मोसमात माझी बदली झाली. साठचे दशक सरता सरता, वीजकेंद्र चालू होण्याच्या सुमारास, बातमीसाठी पुन्हा तिकडे जाणे झाले. काम आटोपून तारापूरला उतरलो. आळीच्या तोंडाशी जुन्या ओळखीच्या एक बाई जाळे विणत बसल्या होत्या. त्यांनी ओळखले. जानकीबाईंबद्दल विचारले तर त्यांनी हातातली सुई गच्चीच्या दिशेने केली.

"हाय की. सगल्यांला गच्ची दिली आता. वाटंल त्यानं यावं, पसरावं. पन खोड गेली नाय बगा. एक कोपरा सोडत नाय. तेवडा लाल पायजे तिला."

जिन्याखाली पाण्याची बादली नव्हती. मी इकडेतिकडे पाहू लागलो तेव्हा वरून आवाज आला.

"कोन? पेपरवाले? या तसेच. पाय नका धुवू आता."

गच्ची जवळ्याने भरली होती. जिथे जवळा नव्हता तिथे लाद्या दिसत होत्या. पांढऱ्या, ठिकठिकाणी पापुद्रे निघालेल्या. जोड पुन्हा भुसभुशीत झाले होते. खालची खोली गळते का असे विचारले तर त्या म्हणाल्या, "गलते. कोन ऱ्हातं तिते?" त्या मधोमध बसल्या होत्या, कावळे हाकायला हातात वेताची काठी. केस पिकले होते. बाजारात आता जात नसत.

खाडीकडचा कोपरा तेवढा मोकळा होता. तिथल्या काही लाद्यांना तेल लावलेले होते आणि त्या लाल होत्या. चिंध्यांचा बोळा आणि तेलाची वाटी कठड्यावर ठेवलेली होती.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात आळीतली एक तरुण बाई जवळ्याची टोपली घेऊन वर आली. मधे जागा नव्हती. ती सरळ कोपऱ्याकडे गेली आणि टोपली कलती करू लागली.

"तिते नको," जानकीबाई म्हणाल्या. "ती काशीची जागा हाय."

"काशीमावशी सरावलीला," ती बाई म्हणाली. "त्यांच्याकडं होडी नाय, काय नाय. त्या कुटला जवला आननार?"

"आनील तवा लागंल."

ती बाई माझ्याकडे पाहून हसली, टोपली उचलून जिन्याच्या बाजूला गेली आणि दुसऱ्याच्या जवळ्याला जवळा लावून पसरू लागली. टोपली कलती होताना थोडा जवळा कोपऱ्यात सांडला होता. जानकीबाई काठी टेकून उठल्या. सांडलेला जवळा एकेक करून वेचला, लादीला बोळा मारला आणि परत आपल्या जागी येऊन बसल्या.